कडा वळणारं कापड

निटिंग मला ज्यांनी ज्यांनी शिकवलं, त्या सगळ्यांनी सुरुवात एकाच वाक्याने केली: "सोपं आहे." टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर एक वळणदार रेघ काढली, तिच्यात दुसरी अडकवली, दुसरीत तिसरी, आणि हातावरचा खडू झटकून म्हणाले की सगळ्या जगाचे टीशर्ट, बनियन आणि मोजे एवढ्यावरच चालले आहेत. वर्गाने माना डोलावल्या, मीही डोलावली. नंतर वही उघडून पाहिली तर पानभर जिलब्या पडल्या होत्या आणि कोणती जिलबी कोणाच्या पोटात शिरली आहे हे माझं मलाच सांगता येईना.

मागावरचं कापड मला समजलं होतं. उभे धागे, आडवे धागे, एक वर, एक खाली. नवारीची बाज विणतात तसंच. निटिंगमध्ये उभं-आडवं काही नाही. धागा वळतो, त्याचा फंदा होतो, आणि पुढच्या ओळीचा फंदा त्याच्या आतून बाहेर येतो. मग सगळ्यात पहिल्या फंद्याला कोणी धरलेलं असतं? मी हात वर करून हे विचारलं. सर म्हणाले, "बेटा, पेपर में ये नहीं पूछते." वर्ग हसला. मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता असं मला आजही वाटतं.

पेपरात खरंच विचारलं नाही. मी पाठांतर करून पास झाले आणि नोएडाच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. तिथे टीशर्टांचं कापड निघायचं. माझ्याबरोबर आणखी एक मुलगी लागली होती, आणि आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की जागा एकच आहे. सहा महिने दोघींना बघणार, मग एकीला ठेवणार.

येणाऱ्या हिवाळ्यानंतर पप्पा रिटायर होणार होते. ते लष्करात सुभेदार. रिटायरमेंट झाली की दिल्ली कँटमधलं क्वार्टर सोडायचं आणि आई-पप्पांनी साताऱ्याकडच्या गावी, नव्या बांधलेल्या घरात जायचं हे ठरलेलं होतं. माझं काय, हे एकदा जेवताना पप्पांनी सांगून टाकलं. "नोकरी पक्की झाली तर राहा इथे. नाही झाली तर चल आमच्याबरोबर. मध्येच लटकत राहायचं नाही." पप्पा घरातही असंच बोलायचे, ऑर्डर निघाल्यासारखं. आईने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

मला गावी जायचं नव्हतं. माझा जन्म पठाणकोटचा, पहिल्या शाळा जबलपूरच्या, आणि बाकी सगळी दिल्ली. गावाला आम्ही पप्पांच्या सुट्टीपुरतं जायचो. तिथे मी तोंड उघडलं की चुलत बहिणी एकमेकींना कोपरं मारायच्या, कारण माझ्या मराठीत दर दोन शब्दांनी "यार" आणि "मतलब" यायचं. दिल्ली मला आवडते असं मी कधी म्हटलं नाही. दिल्ली ही काही आवडून घ्यायची गोष्ट नाही. पण इथे रिक्षावाल्याशी कसं भांडायचं ते मला येत होतं, आणि भांडायला येतं ते आपलं गाव, असं माझं मत होतं. तेव्हा ती एक जागा मला मिळायलाच हवी होती.

कँटमधून निघायचं, मेट्रोच्या मॅजेंटा लाइनने शेवटपर्यंत बोटॅनिकल गार्डनला जायचं, तिथून शेअर ऑटोत कोंबून घेऊन सेक्टर गाठायचा. कारखान्यात शिरलं की आधी गरम तेलाचा वास यायचा आणि मग आवाज. मशीन माणसाहून उंच आणि गोल. भोवतीच्या स्टँडवर सुताचे शंकूसारखे कोन, मध्ये एक मोठा सिलिंडर, आणि सिलिंडरच्या काठावर बोटभर लांबीच्या सुया, एकीला खेटून एक. सिलिंडर फिरतो, त्याच्याबरोबर सुया फिरतात, खाली नळीसारखं उतरणारं कापडही फिरतं. पाच मिनिटं बघितलं की माझंही डोकं फिरायला लागायचं.

मशीन लावणारे मास्टरजी भले माणूस. त्यांनी मला जवळ बोलावलं. "आसान है, मैडम. सुई ऊपर गई, धागा पकड़ा, नीचे आई, फंदा बन गया." मी मान हलवली आणि एका सुईवर नजर ठेवली. ती वर जाऊन धागा पकडणार, तोवर मशीनच्या पलीकडे पोचलेली असायची. मग मी दुसरी धरायची, तीही जायची. एका सुईची पूर्ण गोष्ट मला कधी बघायला मिळालीच नाही. मास्टरजींनी मशीन थांबवून हाताने हळू फिरवून दाखवलं, तेव्हा सगळं लख्ख दिसलं. पुन्हा चालू केलं की माझी पाटी कोरी.

शेवटी मी घरातलं मशीन गाठलं, म्हणजे आईला. आईच्या माहेरी स्वेटर कोणी घातलेला नव्हता, विणणं दूरच. पप्पांची पहाडात पोस्टिंग असताना शेजारच्या गढवाली काकूंनी तिला सुया हातात दिल्या आणि तेव्हापासून तिने थांबायचं नाव घेतलं नाही. रविवारी दुपारी ती क्वार्टरसमोर उन्हात खाट टाकून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"आई, एक टाका जरा हळू घाल ना. मला बघायचंय कसा होतो."

"चार वर्षं कॉलेजला कशाला गेली होतीस मग?"

"घाल ना यार."

"यार काय? आई आहे मी तुझी." पण तिने हळू घातला. सुई आत, लोकर वरून, ओढून बाहेर. "हा सुलट. आता हा उलट. सुलट, उलट. यात बघण्यासारखं काय आहे?"

बघण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझा गोंधळ आणखी वाढला. आईच्या एका सुईवर सगळ्या ओळीचे टाके माळेसारखे बसलेले. मशीनला दर टाक्याला वेगळी सुई. आई ओळ संपली की विणकाम उलटं फिरवते. मशीन कधी मागे वळून बघतच नाही. मी हे सगळं तिला समजावून सांगत बसले आणि तेवढ्यात तिची नक्षी चुकली. "तू बघायला लागलीस की माझंही बिघडतं," ती म्हणाली. "जा, चहा ठेव."

एक गोष्ट मात्र मी तिथून उचलली. आईच्या साध्या विणीच्या कडा आपोआप आत वळायच्या, आणि कारखान्यातल्या आमच्या कापडाच्याही तशाच. चार इंच कापून टेबलावर ठेवलं की दोन्ही बाजूंनी गुंडाळायला लागायचं. मी आईला यावर उपाय विचारला. ती म्हणाली, "बॉर्डर घालायची. एक सुलट, एक उलट. मग नाही वळत." दुसऱ्या दिवशी मी कापडाची क्वालिटी तपासणाऱ्या मॅडमना गंभीरपणे विचारलं की आपण तुकड्यांना बॉर्डर का नाही घालत. मॅडमनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आपल्याला टीशर्ट काढायचेत," त्या हिंदीत म्हणाल्या, "टेबलक्लॉथ नाही. कडा वळतात तर वळू दे."

वळू दे. हे दोन शब्द मी तेव्हाच नीट ऐकले असते तर बरं झालं असतं.

आम्हा दोघी ट्रेनींचं काम मॅडमच्या लॅबमध्ये असायचं. मशीनवरून कापडाचा रोल उतरला की त्याचा तुकडा यायचा. तो टेबलावर काही वेळ मोकळा ठेवायचा, कारण मशीनने ओढून ठेवलेलं कापड सुटल्यावर हळूहळू आकसतं. मग गोल कटरने त्यातून एक चकती कापायची आणि काट्यावर तोलायची. त्यावरून एक मीटर लांब, एक मीटर रुंद कापडाचं वजन किती हे काढायचं. आमच्या कापडाचं एकशे ऐंशी ग्रॅम यायला हवं होतं. वजन कमी आलं तर मास्टरजी टाका घट्ट करणार, जास्त आलं तर सैल. एवढंच काम. सोपं आहे, असं मॅडमही म्हणाल्या.

माझं वजन नेहमी कमी यायचं. थोडंथोडकं नाही, मास्टरजींना मशीनला हात लावावा लागेल इतकं. आणि दुसरीचं बरोबर यायचं. दुसरी पानिपतची, तिच्या घरात चादरी-ब्लँकेटचा धंदा होता आणि मशीनच्या आवाजात ती लहानाची मोठी झालेली. तिची शिफ्ट असली की कापड ठीक. माझी शिफ्ट असली की कापड हलकं. मी हलकं म्हटलं की मास्टरजी मशीन घट्ट करायचे. मग तिच्या शिफ्टमध्ये ते जड यायचं आणि मास्टरजी पुन्हा सैल करायचे. काही आठवडे हे असंच चाललं. एकदा ते लॅबच्या दारात उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आप दोनों पहले आपस में फैसला कर लो. मशीन तो जैसा बोलोगे वैसा नाचेगी."

मी काट्यावर संशय घेतला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला आता कळतं; तेव्हा मला अंगणच वाकडं दिसत होतं. मॅडमनी काटा तपासून घेतला, तो बरोबर होता. मग मी कटरवर संशय घेतला. कटर बदलून मिळाला, वजन तेवढंच हलकं. मग मॅडम स्वतः माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काप माझ्यासमोर." मला घाई झाली. मी तुकडा कसाबसा ठेवला, कटर दाबला, चकती तोलली. वजन अगदी बरोबर आलं. मॅडम निघून गेल्या. मी दुसरी चकती कापली, ती हलकी.

याने मात्र माझी मती गुंग झाली. मॅडम शेजारी असल्या की वजन बरोबर, गेल्या की चूक. कापड माणूस बघून वागतं की काय? पुन्हा मॅडम आल्या, पुन्हा बरोबर. त्यांना वाटायला लागलं की त्यांच्या पाठीमागे मी निष्काळजीपणा करते. मी तर त्यांच्या पाठीमागेच जास्त मन लावून काम करत होते. एकटी असले की निवांतपणे, नीटनेटकं, मनासारखं. आणि जितकं नीटनेटकं करावं तितकं वजन चुकायचं. मी घरी येऊन सांगायची, "मला नाही ठेवणार. मला काढणार." आई म्हणायची, "बिल्कुल नाही." पप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

शेवटच्या महिन्यात आम्हाला ट्रेनिंगचा रिपोर्ट द्यायचा होता. दुसरीने ठरवलं की लॅबच्या कामाचा व्हिडिओ काढायचा; ती फोन धरणार आणि हात माझे. माझे हात फोटोत चांगले दिसतात म्हणे. मी तुकडा ठेवला, कापला, तोलला, तिने सगळं टिपलं. मग कँटीनमध्ये जेवताना आम्ही दोघी तो बघायला लागलो. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिला फार आवडायची, ती अर्धी तिच्या पोळीवर गेली होती. एकाएकी तिने बोट स्क्रीनवर ठेवलं.

"रुक. पीछे ले. ये क्या कर रही है तू?"

"क्या?"

"देख ना. बिस्तर लगा रही है क्या?"

मी पाहिलं. टेबलावर तुकडा मोकळा पडलेला होता, कडा वळलेल्या. माझे हात आले. उजव्या तळव्याने त्याच्यावरची सुरकुती सपकन पुढे नेली. डाव्या कोपराने एक बाजू दाबून धरली. मग दोन्ही हातांनी वळलेल्या कडा उलगडल्या, बाहेर ओढल्या, एकदा इकडून, एकदा तिकडून, कापड ताठ होईपर्यंत. मग कटर. या सगळ्यातलं काहीही मी करते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच कोणाचे हात बघतेय असं वाटलं.

दुसऱ्याचे नव्हतेच. आमच्या घरी सकाळी उठलं की आधी चादर ताणायची, मग दात घासायचे. सुट्टीच्या दिवशी पप्पा पलंगावरून हात फिरवून बघायचे आणि सुरकुती लागली तर चादर ओढून काढून माझ्या हातात द्यायचे. पुन्हा घाल. कोपरे आत खोच. मी पाचवीत असल्यापासून हे करत होते, आईही करत होती, शेजारच्या क्वार्टरांतही हेच. सुरकुतलेलं कापड समोर आलं की आमचे हात आम्हाला न विचारता पुढे होतात. ताणलेल्या कापडाच्या चकतीत टाके कमी येतात, म्हणून ती हलकी. मॅडम शेजारी असल्या की मी घाबरून घाईत कापायची, ताणायला वेळच मिळायचा नाही, म्हणून वजन बरोबर यायचं. इतकी साधी गोष्ट. मला हसूही येत होतं आणि फोन भिंतीवर फेकावासाही वाटत होता.

तिने मला हे का सांगितलं असेल, हा प्रश्न मला संध्याकाळी मेट्रोत पडला. जागा एकच होती. गप्प राहिली असती तर तिचं काम आपोआप झालं असतं. ती मैत्रीण होती म्हणून सांगितलं, असं एका स्टेशनवर वाटायचं. पुढच्या स्टेशनवर वाटायचं, तिने जाणूनबुजून माझे हात बिघडवले. कारण बिघडले ते खरेच. आजही आम्ही एकमेकींना दिवाळीला मेसेज करतो, आणि हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

झालं असं, की दुसऱ्या दिवसापासून मी कापडाला हातच लावेना. टेबलावर ते पडेल तसं पडू द्यायचं, सुरकुतलेलं, लाटा आलेलं, आणि त्यावर कटर दाबायचा. आता लाटांसकट कापलेल्या चकतीत टाके जास्त यायला लागले. वजन जड. मी घाबरून थोडंसं सारखं करायची, की लगेच हात त्यांच्या जुन्या वळणावर जायचे आणि वजन हलकं. किती सारखं करायचं आणि कुठे थांबायचं, हे कोणी सांगत नव्हतं. मी मॅडमना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "ताणायचं नाही, पण नीट पसरायचं." ताणणं कुठे सुरू होतं आणि पसरणं कुठे संपतं, मॅडम? "ते हाताला कळतं." माझ्या हाताला जे कळत होतं ते पप्पांनी शिकवलेलं होतं.

मी घरी आईच्या जुन्या बनियनांवर सराव केला. लॅबमध्ये दुपारी सगळे जेवायला गेले की एकटी तुकडे पसरत बसायची. डोळे मिटून पसरून पाहिलं. एका बोटाने पसरून पाहिलं. कधी वजन बरोबर यायचं, आणि का आलं ते कळायचं नाही; त्यापेक्षा चुकलेलं बरं, निदान कारण तरी माहीत असायचं. एक दिवस मास्टरजींनी माझी अवस्था पाहून समोसा आणून दिला.

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी आम्हा दोघींना एकाच रोलचे तुकडे दिले. तिची वजनं एकमेकांना धरून आली. माझी एक हलकं, एक जड, एक बरोबर. मॅडमनी मला आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि स्वतःचा बिनसाखरेचा चहा माझ्यापुढे ठेवला, म्हणजे काय होणार ते मला तिथेच कळलं.

"तुला कापड कळत नाही असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "इतके प्रश्न मला या लॅबमध्ये कोणी विचारले नव्हते. पण तुझ्या आकड्यावर मला मशीन लावता यायला हवं. आज नाही लावता येत. उद्या येईल कदाचित. मला आज माणूस हवाय."

मी म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम." बरोबरच होतं. म्हणूनच भांडता आलं नाही. दुसरी बाहेर उभी होती. तिने मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर तीच रडली. मला तिची समजूत घालावी लागली.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. घरी काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होते. पप्पा, ठीक आहे, येते मी. पप्पा, गावाकडेही काही ना काही असेलच. एकही वाक्य मला माझं वाटेना. चुलत बहिणी, त्यांची कोपरं, आणि ते नवं घर, ज्यातली माझी खोली मी फक्त फोनवर पाहिली होती.

क्वार्टरमध्ये सामान बांधणं चाललं होतं. आई जमिनीवर बसून स्टीलची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. पप्पा काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने गावचा पत्ता लिहीत होते. मी चपला काढल्या. सरळ सांगायचं धाडस होईना, म्हणून आडून विचारलं.

"पप्पा, माझी बर्थ कुठली आहे?"

"तुझी नाही काढली," ते ब्रश न थांबवता म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे दोन काढल्या. आईची आणि माझी. तू कुठे येणार आहेस?"

निजामुद्दीनहून सुटणाऱ्या गावच्या गाडीची तिकिटं त्यांनी कितीतरी आठवडे आधी, बुकिंग उघडल्या उघडल्या काढली होती, हे मला माहीत होतं. म्हणजे तेव्हा मी रोज घरी येऊन मला काढणार, मला काढणार म्हणत होते. ते सगळं ऐकून या माणसाने दोन तिकिटं काढली.

"नाही झालं माझं," मी म्हणाले. "दुसरीला घेतलं."

आईचे हात थांबले. पप्पांनी ब्रश डब्याच्या काठावर ठेवला. "बरं," ते म्हणाले. "मग दुसरीकडे बघ. एवढ्या नोएडात कारखाना काय एकच आहे?"

"तुम्हीच म्हणाला होता, नाही झालं तर चल म्हणून."

"म्हणालो होतो. नाहीतर रोज एवढ्या सकाळी उठून गेली असतीस का तू?"

"खोलीचंही विचारून ठेवलंय," आई म्हणाली. "खालच्या क्वार्टरमधल्या ताईंची बहीण नोएडात पेइंग गेस्ट म्हणून मुली ठेवते. चांगली आहे बाई. तुझी ती हिरवी रजाई मी बांधलीच नाही, इथेच ठेवलीय."

मला आनंद व्हायला हवा होता. सहा महिने जे हवं होतं ते नोकरी न मिळता मिळत होतं. आनंद झाला नाही, संताप आला, असा की कानशिलं तापली.

"म्हणजे तुम्ही ठरवूनच टाकलं होतं मला इथे सोडून जायचं? मला विचारलंत?"

"अगं, तूच तर म्हणत होतीस," आई गोंधळून म्हणाली. "राहायचंय, राहायचंय. आम्ही काय वेगळं केलं?"

"म्हणत होते! पण तुम्ही एकदा तरी म्हणायचं ना, की चल. धमकी म्हणून नाही. असंच. आम्हाला करमणार नाही तुझ्याशिवाय, म्हणून." हे बोलताना मला स्वतःलाच कळत नव्हतं की मी नक्की काय मागतेय.

पप्पा ट्रंकेसमोरून उठले. गुडघ्याला हात लावून उठायला त्यांना वेळ लागला. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि ज्या आवाजात ते बोलले तो आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता.

"चल," ते म्हणाले. "खरंच म्हणतोय. चल आमच्याबरोबर. उद्या सकाळी रांगेत उभा राहून तुझं तिकीट काढतो. करमणार नाहीच आम्हाला. येतेस?"

"नाही," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं. आईने हातातलं भांडं बाजूला ठेवून मला जवळ घेतलं. पप्पा पुन्हा ट्रंकेपाशी जाऊन बसले आणि पत्त्याची राहिलेली ओळ लिहू लागले.